चीक दोन महिने आधीच घडू लागतो: कोकणातील गाईची प्रतिकारशक्ती, चीक आणि दूध

कोकणात एखाद्या घरी गाय व्याली की संध्याकाळपर्यंत वाडीत खरवसाची चर्चा सुरू होते. देवाला कधी दाखवायचा, शेजारी किती पाठवायचा, गुळाचा करायचा की साखरेचा, हे सारे ठरते. त्या चिकाचा, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधाचा, खरा धनी मात्र त्या वेळी ओल्या अंगाने उभे राहण्याची धडपड करत असतो, आणि त्याच्या पोटात पहिला घोट किती वाजता गेला याची नोंद बहुतेक घरांत कुणाकडेच नसते. पुढे आठवडाभरात वासराला हगवण लागली, नाळ पिकली किंवा ते खोकू लागले की औषधांची धावपळ होते. पण त्या आजाराची वाट पुष्कळदा त्या पहिल्या काही तासांतच मोकळी झालेली असते.

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच वारेतून प्रतिपिंडे मिळतात. गाईच्या वारेची रचना अशी असते की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वासराच्या रक्तात उतरू शकत नाहीत. त्यामुळे वासरू जन्मते तेव्हा रोगांशी लढणारी तयार प्रतिपिंडे त्याच्या रक्तात जवळपास नसतातच आणि स्वतःची पुरेशी तयार व्हायला काही आठवडे लागतात. मधला काळ त्याने चिकावर काढायचा असतो. पहिल्या धारेच्या चिकात सुमारे १४ टक्के प्रथिने असतात, नेहमीच्या दुधात ती तीन-साडेतीन टक्के असतात. या वाढीव प्रथिनांतला मोठा वाटा प्रतिपिंडांचा असतो.

ही प्रतिपिंडे विण्याच्या दिवशी तयार होत नाहीत. विण्याआधीच्या तीन ते पाच आठवड्यांत ती गाईच्या रक्तातून कासेत साठत जातात आणि गाय व्याली की ही भर थांबते. गाईच्या रक्तात जे नाही ते कासेत उतरणार नाही. म्हणून या लेखाची सुरुवात चिकाच्या भांड्यापासून न करता, गाय विण्याच्या दोन महिने आधीपासून केली आहे.

तारीख काढणे आणि गाय आटवणे

गाईचा गाभण काळ साधारण २८० दिवसांचा असतो. रेतन केल्याच्या किंवा वळू दाखवल्याच्या तारखेत नऊ महिने आणि दहा दिवस मिळवले की विण्याची तारीख निघते, आणि सात महिने दहा दिवस मिळवले की गाय आटवण्याची, म्हणजे तिचे दूध काढणे थांबवण्याची. या दोन तारखा गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात. गाय किमान ४५ आणि शक्यतो ६० दिवस आटलेली असावी. या विश्रांतीत कासेतील जुन्या पेशी जाऊन नव्या येतात. विश्रांती फारच कमी मिळाली तर चीकही कमी भरतो आणि पुढच्या वेतातील दूधही घटते.

आटवण्यापूर्वी चारही सडांची तपासणी करावी. कपडे धुण्याची पावडर १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम विरघळवून, हे द्रावण आणि दूध वाटीत सारख्या प्रमाणात मिसळून हलके फिरवावे. मिश्रण पातळच राहिले तर सड निरोगी समजावा. ते चिकट किंवा जेलीसारखे झाले तर बाहेरून न दिसणारा कासदाह, म्हणजे ज्याला आपण दगडी म्हणतो त्याची सुरुवात, त्या सडात आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. आटवणीचा काळ हा अशा लपलेल्या दगडीवर उपचार करण्याचा सर्वात चांगला काळ असतो, कारण सडात सोडलेले औषध रोज धारेबरोबर बाहेर पडत नाही.

आटवताना दोन-तीन दिवस खुराक बंद करून केवळ वाळलेली वैरण द्यावी, दूध उतरले की शेवटची धार पूर्ण काढावी, डॉक्टरांच्या सल्ल्याने चारही सडांत आटवणीची ट्यूब सोडावी आणि सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. त्यानंतर पुन्हा धार काढू नये. कास पहिले तीन-चार दिवस ताठ दिसेल, पण ते दूध शरीर आपोआप शोषून घेते. गाय बेचैन झाली, कास गरम लागली किंवा लाल झाली, तरच डॉक्टरांना बोलवावे.

गावठी गाई आणि कोकण कपिला ही कोकणातली लहान देशी जात यांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण येते. या गाई कमी दुधाच्या असल्याने आपोआप आटतील असे आपण धरून चालतो आणि मागच्या वेताचे वासरू त्यांच्याबरोबरच चरायला सोडतो. ते वासरू मधूनमधून लुचत राहते, कधी कधी विण्याच्या आदल्या दिवसापर्यंत, आणि नव्या वासरासाठी साठलेला चीक त्याच्या पोटात जातो. आटवणीच्या तारखेपासून मोठे वासरू वेगळे बांधावे आणि चरायलाही वेगळे सोडावे.

गाभण गाईचे खाणे: पेंढ्यावर भागत नाही

कोकणातील गाईचे मुख्य खाणे म्हणजे भाताचा पेंढा. त्यात प्रथिने तीन-चार टक्केच असतात, सिलिका भरपूर असते आणि ऑक्झलेट नावाचा घटक कॅल्शियमला बांधून ठेवत असल्याने असलेले कॅल्शियमही अंगी लागत नाही. त्यात आपली जमीन जांभ्याची. या आम्लधर्मी मातीतील लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) घट्ट धरून ठेवतात, म्हणून इथल्या गवतातही स्फुरद कमी उतरते. गाय हाडे चघळते, कपडे किंवा प्लॅस्टिक खाते, भिंत चाटते, तेव्हा ती खोड समजून तिला हुसकावणे चुकीचे आहे. ती आपल्या अंगातील कमतरता सांगत असते. हीच कमतरता वाढली तर विल्यानंतर काही गाईंना लालसर-काळी लघवी होते आणि त्यात गाय दगावूही शकते.

या कमतरतेवरचा पहिला उपाय गावातल्या भातगिरणीतच आहे. तांदळाच्या कोंड्यात स्फुरद चांगले असते आणि रवंथ करणाऱ्या जनावराला ते वापरताही येते. मात्र कोंडा ताजा आणि तूस न मिसळलेला हवा. तुसाने भरलेला कोंडा म्हणजे पोट भरण्याचे साधन, त्यात पोषण नाही. आणि कोंड्यातील तेल कोकणच्या दमट हवेत लवकर खवट होते, म्हणून आठ-दहा दिवसांना पुरेल एवढाच आणावा. कोंड्यात कॅल्शियम फारच कमी असल्याने त्याच्या जोडीला खनिज मिश्रण लागतेच. लहान गाईला रोज ३० ग्रॅम आणि संकरित गाईला ५० ग्रॅम खनिज मिश्रण, शिवाय साधारण ३० ग्रॅम मीठ आंबोणात, म्हणजे कोंडा-पेंडीच्या खुराकात, मिसळून द्यावे. जस्त, तांबे आणि सेलेनियम यांचा प्रतिकारशक्तीशी थेट संबंध आहे: रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून मारतात त्या कामी ही खनिजे खर्ची पडतात.

शेवटच्या दोन महिन्यांत गर्भाची वाढ सर्वात वेगाने होते. या काळात संकरित गाईला दीड ते दोन किलो आणि कपिलेसारख्या लहान गाईला अर्धा ते एक किलो आंबोण रोज द्यावे. कोंडा, भरड, नारळाची किंवा शेंगदाण्याची पेंड असे जे घरी किंवा बाजारात मिळते त्याचे मिश्रण चालते. एकदम वाढ न करता दर तीन-चार दिवसांनी थोडे थोडे वाढवावे. गाय लठ्ठ करणे हा मात्र हेतू नाही. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना चरबीच्या गाठी दिसू लागल्या तर आंबोण कमी करावे, कारण अशी गाय विल्यावर खाणे सोडते आणि किटोसिसकडे, म्हणजे अंगातील चरबी वितळून होणाऱ्या आजाराकडे, झुकते.

पेंढ्याची प्रत घरच्या घरी सुधारता येते. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, पेंढा तुडवून दाबावा आणि प्लॅस्टिकच्या कागदाखाली हवा जाणार नाही असा २१ दिवस झाकून ठेवावा. त्यातील प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात. खायला घालण्यापूर्वी तासभर उघड्यावर पसरून वास जाऊ द्यावा, सुरुवातीला साध्या पेंढ्यात मिसळून द्यावा आणि सहा महिन्यांखालील वासरांना तो घालू नये. युरियाचे पाणी गाईच्या तोंडाशी येणार नाही, एवढी काळजी घ्यावीच लागते. ते विष आहे. एवढे जमत नसेल तर पेंढा निदान रात्रभर पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून द्यावे. त्यात ऑक्झलेट बरेच निघून जाते.

हिरव्या चाऱ्याचे महत्त्व चिकाच्या दृष्टीने वेगळे आहे. वासरू जन्मते तेव्हा त्याच्याकडे ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा फारच थोडा असतो आणि तो चिकातूनच भरतो. चिकाला येणारा पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातील कॅरोटीनचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत डोंगर पिवळे पडतात, उडवीतला पेंढा वर्ष जुना झालेला असतो आणि नेमक्या त्याच वेळी विणाऱ्या गाईच्या चिकात हे जीवनसत्त्व कमी उतरते. यासाठी बांधावरचा शेवगा, हादगा, सुबाभूळ यांचा पाला, सांडपाण्यावर वाढवलेले पॅरा किंवा नेपियर गवत, आंब्याच्या सावलीत केलेल्या वाफ्यातील अझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती, यांपैकी काहीतरी त्या दोन महिन्यांत रोज मिळेल अशी सोय आधीच करावी. अझोला रोज किलोभर दिला तरी चालतो, मात्र तो स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊनच द्यावा.

बुरशी हा कोकणचा खास शत्रू आहे. पावसात माळ्यावर ठेवलेला पेंढा, भिंतीला टेकवलेली पेंडीची गोणी, गळक्या कौलाखालचा कोंडा, यांवर जी बुरशी चढते तिच्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष गाईची प्रतिकारशक्ती दाबते आणि दुधातही उतरते. दूध उकळले तरी ते नष्ट होत नाही. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवाव्यात. काळा पडलेला, कुबट वास येणारा पेंढा गाभण गाईला घालण्यापेक्षा खताच्या खड्ड्यात टाकलेला परवडतो.

लस, जंत आणि गोचीड

गाईच्या रक्तात ज्या रोगाविरुद्ध प्रतिपिंडे असतील, त्याच रोगापासून चीक वासराला वाचवतो. लसीनंतर ती पुरेशी तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि चीक साठण्याची सुरुवात विण्याआधी पाच आठवड्यांपासून होते. हे गणित जुळवून, गाय साडेसात-आठ महिन्यांची गाभण असतानाच कोणत्या लसी द्यायच्या हे पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ठरवावे. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात टोचून घ्यावी. लाळ्या-खुरकुताची लस २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात वर्षातून दोनदा मोफत दिली जाते. लम्पीचा महाराष्ट्राला बसलेला २०२२ चा तडाखा अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. ब्रुसेलोसिसची लस मात्र चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच आणि आयुष्यात एकदाच देतात. ती जिवंत जंतूंची असल्याने गाभण गाईला कधीही देऊ नये. गाय गाभण आहे म्हणून प्रत्येकच लस नको म्हणणारे पुष्कळ भेटतात. लस नाकारण्याऐवजी गाय किती महिन्यांची गाभण आहे हे लस टोचणाऱ्याला स्पष्ट सांगावे आणि गाय पाडून, ओढाताण करून लस टोचू देऊ नये.

घाटावरून गाय विकत आणणाऱ्यांसाठी याच ठिकाणी एक सूचना करणे आवश्यक वाटते. पंधरा दिवसांत विणारी भरली गाय आणली की लगेच दूध सुरू होईल, हा हिशेब व्यवहारात बरोबर असला तरी वासराच्या दृष्टीने तोट्याचा आहे. त्या गाईच्या रक्तात तिच्या जुन्या गोठ्यातील जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे असतात, तुमच्या गोठ्यातील जंतूंची ओळख तिला झालेलीच नसते आणि प्रवासाचा ताण वेगळाच. गाय विण्याआधी निदान दोन महिने आपल्या गोठ्यात आलेली असावी.

भातखाचरे आणि वहाळाकाठच्या गोगलगायींमुळे यकृतातील पर्णकृमींचा प्रादुर्भाव आपल्याकडे कायमचा आहे. हे कृमी यकृत पोखरतात, रक्तातील प्रथिने घटतात, आणि प्रतिपिंडे ही शेवटी प्रथिनेच आहेत. जबड्याखाली पाणी साठून आलेली सूज ही त्याची उशिरा दिसणारी खूण आहे. तोवर थांबू नये. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर शेण तपासून घेऊन, गाभण गाईला चालेल असेच औषध डॉक्टरांकडून घ्यावे. दुकानातून आणलेले कोणतेही जंतनाशक गाभण गाईला पाजणे धोक्याचे आहे.

गोचिडांमुळे संकरित गाईंना थायलेरिया आणि बबेसिया हे रक्तातील आजार होतात. केवळ गाईच्या अंगावर औषध फवारून भागत नाही, कारण गोचिडांची अंडी जांभ्या चिऱ्यांच्या फटींत असतात. गोठ्याच्या भिंती बुजवून चुन्याने रंगवाव्यात आणि फवारणी अंगाबरोबर जमिनीवर व भिंतीवरही करावी.

विण्याची जागा

विण्याआधी दोन आठवडे आणि विल्यानंतर दोन-तीन आठवडे गाईची स्वतःची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. विण्याचा ताण, कॅल्शियमची घसरण आणि खाणे मंदावणे, ही तिन्ही एकत्र येतात. या काळात तिला वेगळी, कोरडी, धुऊन चुना मारलेली जागा द्यावी. पावसाळ्यात जमीन सुकत नसेल तर भाताच्या तुसाचा जाड थर अंथरून तो रोज वरून बदलावा. एप्रिल-मे मधल्या दमट उष्म्यात विणाऱ्या गाईचा चीकही कमी भरतो आणि वासरूही तो नीट शोषू शकत नाही. किनाऱ्याच्या दमट हवेत नुसते पाणी शिंपडून उपयोग होत नाही, वारा हवा. पंखा लावावा किंवा दुपारी गाय फणसा-आंब्याच्या दाट सावलीत बांधावी आणि पाणी चोवीस तास पुढे ठेवावे.

पहिले दोन तास

हाताशी आधीच ठेवायच्या वस्तू: साबण, स्वच्छ सुती कापड, उकळलेला दोरा, ब्लेड, टिंक्चर आयोडीन, स्टीलचे घासलेले भांडे, निपलची बाटली आणि ताणकाटा. पाण्याची पिशवी फुटून दोन तास उलटले तरी प्रगती नसेल तर स्वतः ओढाताण न करता डॉक्टरांना किंवा १९६२ या फिरत्या पशुचिकित्सालयाच्या क्रमांकावर फोन करावा.

वासरू बाहेर आले की नाकातोंडातील चिकट स्राव पुसून गाईला ते चाटू द्यावे. नाळ अंगापासून दोन-तीन इंचांवर दोऱ्याने बांधून खाली कापावी आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. पुढचे दोन-तीन दिवस हे पुन्हा करावे. मग वासरू ताणकाट्यावर तोलावे. काटा नसेल तर वासराला कवेत घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे.

आता चीक. गाईची कास कोमट पाण्याने धुऊन, कोरडी करून, प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या टाकाव्यात आणि मग चीक काढावा. वासराच्या वजनाचा दहावा भाग हे पहिल्या पाजण्याचे माप. १५ किलोच्या वासराला दीड लिटर, २५ किलोच्या संकरित वासराला अडीच लिटर. हा चीक पहिल्या तासाभरात, फार तर दोन तासांत पोटात गेला पाहिजे आणि पुढच्या आठ ते बारा तासांत पुन्हा पहिल्याच्या निम्मा तरी द्यावा. घाई करण्याचे कारण असे, की वासराच्या आतड्यातून प्रतिपिंडे अखंड स्वरूपात रक्तात शिरण्याची वाट जन्मानंतर लगेच अरुंद होऊ लागते. सहा तासांनंतर ती बरीच मिटते आणि चोवीस तासांत बंद होते. त्यानंतर पाजलेला चीक वासराला पोषण देतो, आतड्याच्या आतल्या बाजूला थोडे संरक्षणही देतो, पण रक्तात उतरत नाही. दुसरीकडे, न काढलेला चीक कासेत राहिला की त्यात ताजे दूध मिसळून तो तासागणिक पातळ होत जातो. उशिराचे नुकसान असे दोन्हीकडून होते.

‘वार पडल्याशिवाय धार काढू नये’ हा समज अजूनही अनेक घरांत पाळला जातो. वडीलधाऱ्यांनी सांगितलेले म्हणून तो पाळणाऱ्यांचा हेतू गाईच्या भल्याचाच असतो, पण शरीराचे काम नेमके उलटे चालते. वासरू लुचू लागले किंवा धार काढली की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते, त्यानेच पान्हा फुटतो आणि त्यानेच गर्भाशय आकुंचन पावून वार सुटायला मदत होते. वार पडायला सहा-आठ तास लागणे नेहमीचे आहे. तेवढा वेळ थांबले तर वासराची निम्मी संधी गेली. बारा तासांनंतरही वार पडली नाही तर डॉक्टरांना बोलवावे. तिला वजन बांधू नये आणि हाताने ओढू नये.

वासराला गाईखाली सोडणे पुरेसे नाही का, असा प्रश्न येतो. कपिला किंवा गावठी गाईचे वासरू चपळ असते, सड लहान असतात आणि गाय मायाळू असते. तिथे वासरू तासाभरात स्वतः भरपूर पिताना डोळ्यांनी दिसले तर हरकत नाही. तरी पहिली अर्धी मात्रा बाटलीने पाजून मग त्याला सोडावे, असे माझे मत आहे, कारण किती प्याले हे सोडल्यावर मोजता येत नाही. संकरित गाईच्या लोंबत्या कासेखाली वासरू धडपडत राहते. तिथे बाटलीच हवी. चीक अंगाच्या उबेइतका, ३८-३९ अंश असावा. थंड झाला असेल तर भांडे गरम पाण्यात ठेवून कोमट करावा, चुलीवर ठेवू नये. ६० अंशांवर गेला की प्रतिपिंडे बिघडू लागतात आणि चीक घट्ट होतो. वासरू चोखत नसेल तर नळीने जबरदस्तीने ओतू नये, ते फुप्फुसात जाते. ते काम जाणत्या माणसानेच करावे.

चीक मोजणे आणि साठवणे

दाट आणि पिवळा चीक चांगला असतो हा अंदाज नेहमी खरा ठरत नाही. रंग कॅरोटीनचा आणि दाटपणा स्निग्धांशाचाही असू शकतो. कोकणात मात्र एक सोय घरोघरी नाही तरी गावोगावी आहे. आंबा आणि कोकमाच्या प्रक्रियेत रसाची गोडी मोजण्यासाठी जे ब्रिक्स मीटर वापरतात, तेच चिकालाही चालते. ० ते ३२ पर्यंतचे मीटर घ्यावे. आधी शुद्ध पाण्याचे थेंब टाकून रेषा शून्यावर आणावी, काच पुसावी, कोमट न राहिलेल्या चिकाचे दोन थेंब टाकून झाकण लावावे आणि उजेडाकडे धरून वाचावे. रेषा आमरसाइतकी स्पष्ट दिसत नाही, थोडी धूसर असते. २२ किंवा अधिक आकडा आला तर लिटरमागे साधारण ५० ग्रॅम प्रतिपिंडे आहेत, म्हणजे चीक उत्तम. १८ ते २१ असेल तर तोच चीक थोडा जास्त आणि एक वेळ वाढवून पाजावा. १८ खाली असेल तर दुसऱ्या गाईचा साठवलेला चांगला चीक मिळतो का ते पाहावे. न मिळाल्यास आहे तोच वेळेवर द्यावा, फेकू नये. पहिलारू गाईचा चीक निकृष्टच असतो असे मोजण्याआधी ठरवू नये. वासरू दोन दिवसांचे झाल्यावर डॉक्टरांनी त्याच्या रक्ताचा थोडा नमुना घेतला, तर रक्तद्रवही याच मीटरवर मोजता येतो, ८.४ किंवा अधिक आले तर संरक्षण पोहोचले असे समजतात.

चीक जास्त असेल तर तो साठवावा. दगडी झालेल्या सडाचा, रक्तमिश्रित किंवा आजारी गाईचा चीक साठवू नये. काढल्यावर अर्ध्या तासात एकेक लिटरच्या स्वच्छ पिशव्यांत भरून, चपटा करून, तारीख आणि ब्रिक्सचा आकडा लिहून फ्रीजरमध्ये ठेवावा. उणे १८ अंशांखाली तो वर्षभर टिकतो. साध्या फ्रीजमध्ये मात्र दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. वापरताना ४५ ते ५० अंशांच्या पाण्यात पिशवी सोडून वितळवावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडातील किनारी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, हे लक्षात घेता एकाच घरच्या फ्रीजरवर सगळा साठा ठेवू नये. एकदा वितळलेला चीक पुन्हा गोठवू नये.

आणि खरवस? पहिल्या धारेवर वासराचा हक्क आहे. दुसऱ्या धारेतही प्रतिपिंडे पहिल्याच्या निम्म्याच्या आसपास असतात आणि तिचीही काही मात्रा वासराला हवी. त्यापुढचा उरलेला चीक खरवसाला घ्यावा. तो थोडा सैल होतो, पण चांगला लागतो. तीन-चार दिवस वासराला आईचाच चीक-दूध द्यावे. दहाव्या ते पंधराव्या दिवशी वासराला गोल जंतांचे औषध डॉक्टरांकडून घेऊन पाजावे, कारण त्या जंतांच्या अळ्या आईच्या दुधातूनही वासरात येतात.

डेअरीला जाणारे दूध

पहिले पाच दिवस दूध डेअरीला घालू नये; चीक मिसळलेले दूध तापवल्यावर फाटते आणि एका घरच्या किटलीमुळे साऱ्या कॅनचे नुकसान होते. याच दिवसांत पावडरची दगडी-चाचणी फसवते, निरोगी सडाचे मिश्रणही चिकट होते, म्हणून ती सहाव्या दिवसानंतर करावी आणि पुढे दर पंधरा दिवसांनी करत जावी.

डेअरीत ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातील बाकीचे घन घटक) या मापावर दर ठरतो, म्हणून सगळे लक्ष त्या दोन आकड्यांकडे जाते. दुधाची खरी प्रत कासेच्या आरोग्यावर ठरते. निरोगी कासेच्या दुधात मिलिलिटरमागे दोन लाखांहून कमी पेशी असतात. कासेत जंतू शिरले की त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमुळे हा आकडा वाढतो, दूध खारट होते, एसएनएफ घसरतो आणि दहीही नीट लागत नाही.

धार काढण्यापूर्वी सड धुऊन प्रत्येक गाईसाठी वेगळ्या कापडाने कोरडे करावेत. पहिल्या धारा काळ्या वाटीत काढून गुठळ्या आहेत का ते पाहावे. अंगठा दुमडून सड ओढू नये, पूर्ण मुठीने धार काढावी आणि ती सात-आठ मिनिटांत संपवावी. शेवटी सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत आणि लगेच गाईपुढे चारा टाकावा. सडाचे तोंड मिटायला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ गाय खात उभी राहिली तर ओल्या जमिनीवरचे जंतू सडात शिरत नाहीत. पावसाळ्यात दगडी वाढते ती बहुतेक या अर्ध्या तासात.

दूध सुमारे ३८ अंशांवर निघते आणि त्या उबेत जंतू झपाट्याने वाढतात. किटलीला ओले गोणपाट गुंडाळण्याचा उपाय घाटावरच्या कोरड्या हवेत चालतो. आपल्याकडे हवाच ओली असल्याने त्याने दूध फारसे निवत नाही. किटली विहिरीच्या ताज्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडवून ठेवावी, मधून ढवळावे आणि दोन तासांच्या आत दूध संकलन केंद्रावर पोहोचवावे. प्लॅस्टिकचे कॅन वापरू नयेत. गाईला प्रतिजैविके दिली असतील तर बाटलीवर किंवा ट्यूबवर लिहिलेला वर्ज्य काळ संपेपर्यंत, चारही सडांचे दूध बाजूला काढावे, औषध एकाच सडात सोडले असले तरी. ते दूध डेअरीला घालू नये आणि वासरालाही पाजू नये. आटवणीची ट्यूब सोडलेली गाय ठरल्या तारखेआधी व्याली, तर औषधाची तारीख डॉक्टरांना सांगून दूध कधीपासून चालेल ते विचारून घ्यावे आणि ती तारीख गोठ्याच्या भिंतीवर विण्याच्या तारखेखाली लिहावी.